वर्कशॉपमधलं रिजेक्शन कमी कसं करायचं: नव्या लोकांसाठी डीएमएआयसी, एका बुशच्या उदाहरणासकट

कस्टमरकडून रिजेक्शनचा मेल आला की बहुतेक वर्कशॉपमध्ये काय होतं ते सगळ्यांना माहितीये. मालक फोरमनवर ओरडतो, फोरमन ऑपरेटरवर, ऑपरेटर म्हणतो मटेरियलच खराब आलंय, मग क्वालिटीवाला रात्री बसून ८डीचा (कस्टमरला कारण आणि उपाय कळवायच्या रिपोर्टचा) फॉरमॅट भरतो, रूट कॉजच्या रकान्यात "ऑपरेटरचा निष्काळजीपणा" आणि करेक्टिव्ह ॲक्शनच्या रकान्यात "ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं" असं लिहून पाठवून देतो, आणि दोन महिन्यांनी तोच डिफेक्ट परत. भोसरीत जा, साताऱ्यात जा, सातपूर किंवा वाळूजला जा, थोड्याफार फरकाने हेच.

हा लेख डिप्लोमा किंवा बीई करून नुकतेच क्वालिटीत चिकटलेल्या पोरापोरींसाठी आहे, आणि ज्यांचं स्वतःचं पाच-सहा मशीनचं युनिट आहे पण क्वालिटी मॅनेजर वगैरे ठेवणं परवडत नाही अशांसाठीपण. पद्धत डीएमएआयसी, म्हणजे डिफाइन, मेजर, ॲनालाइज, इम्प्रूव्ह, कंट्रोल. माझ्या मते ह्या पद्धतीचा सगळ्यात मोठा उपयोग एकच, ती आपल्याला घाईघाईने उपायावर उडी मारू देत नाही. बाकी चार्ट, फॉर्म्युले, सॉफ्टवेअर सगळं त्यानंतर.

हे सगळं आलं कुठून ते पटकन सांगतो. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शुहार्ट यांनी एका छोट्याशा नोटवर पहिला कंट्रोल चार्ट (प्रोसेस ताब्यात आहे का ते दाखवणारा आलेख) काढून आपल्या साहेबाला पाठवला. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी तेच काम पुढे नेलं आणि १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या इंजिनिअर लोकांना आणि कंपन्यांच्या मोठ्या साहेबांना शिकवलं, जपानने तर त्यांच्या नावाने १९५१ पासून प्राइझच सुरू केलं. फिशबोन, म्हणजे माशाच्या सांगाड्यासारखं कारणांचं चित्र, काढणारे इशिकावा तिथलेच. डीएमएआयसी ज्याचा भाग आहे ते सिक्स सिग्मा हे नाव १९८६ मध्ये मोटोरोलात बिल स्मिथ यांच्यापासून, आणि १९९५ नंतर जीईच्या जॅक वेल्चनी ते जगभर गाजवलं. आपल्याकडे हे उशिरा आलं असं वाटतं पण शुहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेलेत. आणि डेमिंग प्राइझ सुंदरम-क्लेटनने १९९८ मध्ये आणलं, महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये. त्यांना माल देणारे शेकडो छोटे व्हेंडर आपल्यासारखेच, त्यामुळे "हे मोठ्या कंपन्यांचं काम आहे" हे बोलणं आता सोडून द्या.

उदाहरण एकच धरू आणि शेवटपर्यंत तेच ओढू. एन८ स्टीलच्या बारमधून सीएनसीवर टर्निंग केलेला बुश (नळीसारखा छोटा पार्ट), बोअर म्हणजे आतलं भोक २५ एच७, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी. टॉलरन्स, म्हणजे साइजमध्ये चालणारा फरक, फक्त २१ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). महिन्याला समजा ८,००० नग जातात आणि त्यातले ३४० रिजेक्ट होतात. हे नगांचे आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, तुम्ही तुमचे टाका, गणित तेच राहतं.

पायरी १: डिफाइन, म्हणजे प्रॉब्लेम नीट लिहा

"बोअरचा लय प्रॉब्लेम आहे" हे प्रॉब्लेम स्टेटमेंट नाही. "ऑपरेटर ऑफसेट चुकीचा देतात त्यामुळे बोअर बिघडतं" (ऑफसेट म्हणजे साइज कमी-जास्त करायला मशीनला दिलेला आकडा) हे तर त्याहून वाईट, कारण ह्यात तुम्ही कारण आधीच ठरवून टाकलं, आता पुढचं सगळं फक्त नावाला. असं लिहा: "गेल्या तीन महिन्यांत ह्या बुशचं इनहाउस रिजेक्शन सरासरी ४.२५ टक्के आहे, ते पुढच्या तीन महिन्यांत २ टक्क्यांच्या खाली आणायचंय." काय, कुठे, किती, कधीपासून, कुठपर्यंत. त्यात कारण नको, उपाय नको आणि कोणाचं नाव तर अजिबात नको.

मग पैसे मोजा, नाहीतर मालक ऐकणार नाही. मटेरियल ८५ रुपये आणि त्या स्टेजपर्यंतचं मशीनिंग ६० धरलं तर नगामागे १४५, गुणिले ३४०, महिन्याला ४९,३०० रुपये. भंगाराचे थोडे परत येतात ते वजा करा. पण त्यात १०० टक्के चेकिंगला बसवलेला माणूस, कस्टमरकडे सॉर्टिंगला पाठवलेली दोन पोरं आणि त्यांचं भाडं, हे सगळं मिळवा, कारण खरा खर्च तिथेच लपलेला असतो. हा आकडा कागदावर आला की एअर गेज (बोअर बारीक मोजायचं साधन) घ्यायचं का नाही ह्यावरची चर्चा एकदम वेगळी होते.

टीम चार-पाच जणांची पुरे. सेटर, दोन शिफ्टचे ऑपरेटर, क्वालिटीचा एक, मेंटेनन्सचा एक. ऑपरेटरला न घेता ऑफिसात एसीत बसून केलेला प्रोजेक्ट मी कधी टिकलेला पाहिला नाही. आणि एका वेळी एकच पार्ट, एकच ऑपरेशन. "पूर्ण प्लांटचं रिजेक्शन कमी करू" असं म्हणणारा प्रोजेक्ट दिवाळीला सुरू होतो आणि गुढीपाडव्याला कोणाला आठवतपण नाही.

पायरी २: मेजर. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

आधी चालत जा. बार कटिंगपासून पॅकिंगपर्यंत जॉब जसा जातो तसं मागे मागे जा आणि वहीत लिहा, कुठे थांबतो, कोण मोजतो, कशाने मोजतो, बिघडला तर कुठे टाकतो. प्रोसेस फ्लो चार्ट फाइलमध्ये असतोच पण तो ऑडिटसाठीचा असतो, खरं शॉपवर बघायचं. बऱ्याचदा एक ऑपरेशन असं सापडतं जे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे कोपऱ्यात एक जण बोअरला पॉलिश पेपर मारत बसलेला असतो. तो रोज शंभर जॉब वाचवत असतो आणि तुमच्या रिजेक्शनच्या आकड्यात ते दिसत नाहीत. रिवर्क मोजा. पहिल्या फटक्यात ओके झालेले किती, हा आकडा रिजेक्शनपेक्षा जास्त खरं बोलतो.

मग चेकशीट. एक साधा कागद, मशीनला लटकवलेला, वर तारीख, शिफ्ट, मशीन नंबर, इन्सर्ट (टूलची कापणारी टिप) कधी बदलला त्याची वेळ, खाली डिफेक्टची नावं आणि समोर उभ्या काड्या मारायच्या, पाचवी आडवी. एक्सेल नंतर, आधी कागद, कारण ऑपरेटरचा हात कूलंटने भरलेला असतो, तो काडी मारेल पण टॅबवर टाइप करणार नाही.

आता येतं ते जे नवीन लोक हमखास विसरतात, मोजमापच बरोबर आहे का? २१ मायक्रॉनच्या टॉलरन्सचं बोअर ०.०२ लीस्ट काउंटच्या (मोजता येणाऱ्या सगळ्यात छोट्या आकड्याच्या) व्हर्नियरने मोजणारे लोक आजही आहेत, म्हणजे व्हर्नियरचा एक काटा आणि पूर्ण टॉलरन्स जवळपास सारखंच, त्या रीडिंगला काही अर्थच नाही. ठोकताळा असा की इन्स्ट्रुमेंटचा लीस्ट काउंट टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतका पाहिजे, म्हणजे इथे २ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. एक मायक्रॉनचा डायल लावलेलं बोअर गेज किंवा एअर गेज, आणि ते रोज मास्टर रिंगवर (अचूक साइज माहीत असलेल्या रिंगवर) सेट केलेलं. प्लग गेज चालेल पण ते फक्त गो आणि नो-गो सांगतं, साइज कुठे सरकतेय ते सांगत नाही, त्यामुळे ॲनालिसिसला त्याचा फार उपयोग नाही.

मग गेज आर अँड आर करा, म्हणजे तोच जॉब परत मोजला किंवा दुसऱ्याने मोजला तर रीडिंग किती हलतं ह्याची तपासणी. दहा जॉब घ्या, टॉलरन्सच्या सगळ्या भागातले, नुसते चांगले निवडू नका. तीन जण, प्रत्येकाने प्रत्येक जॉब दोन किंवा तीन वेळा मोजायचा, जॉबचा नंबर मोजणाऱ्याला दिसायला नको. उत्तर १० टक्क्यांच्या खाली आलं तर गेज चांगलं, १० ते ३० मध्ये आलं तर काम चालवून घेता येतं, ३० च्या वर गेलं तर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही, आधी गेज किंवा मोजायची पद्धत सुधारा. खूप प्रोजेक्ट इथेच संपतात, म्हणजे कळतं की कस्टमरचं गेज आणि आपलं गेज ५ मायक्रॉन वेगळं बोलतंय आणि महिनाभर आपण उगाच ऑपरेटरला झापत होतो.

अजून एक, तापमान. स्टील एका मीटरला एका डिग्रीमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. २५ च्या बोअरला १५ डिग्रीचा फरक पडला तर होतात ४ मायक्रॉनच्या थोडं वर. ऐकायला काहीच नाही, पण आपल्याकडे आहेतच २१, त्यातला पाचवा हिस्सा नुसता जॉब गरम होता म्हणून गेला. मशीनमधून काढलेला जॉब हाताला कोमट लागत असेल तर ते रीडिंग लिहू नका.

पायरी ३: ॲनालाइज

महिनाभराच्या चेकशीट गोळा केल्या आणि ३४० रिजेक्शन असे वाटले गेले समजा: बोअर साइज १९०, डेंट ७०, लांबी ३५, फिनिश २५, बाकी किरकोळ २०. हाच पॅरेटो. मोठ्यापासून लहानापर्यंत उभे दांडे काढायचे आणि वरून एकूण टक्क्यांची रेघ. बोअर एकटं ५६ टक्के, डेंट धरला की ७६. लांबी आणि फिनिशकडे आत्ता बघायचंच नाही, कितीही मोह झाला तरी.

डेंट पटकन उरकून टाकू. बुश क्रेटमध्ये फेकले जातात, एकमेकांवर आदळतात, तोंडाला डेंट पडतो. खाचा असलेले प्लॅस्टिकचे ट्रे आणा. ह्याला फिशबोन काढायची गरज नाही, डोळ्यांना दिसतंय ते करून मोकळे व्हा आणि आकडा खाली आला का तेवढं बघा.

बोअरमध्ये खरी मजा आहे. आधी ते १९० फोडा. मशीनप्रमाणे, शिफ्टप्रमाणे, ऑपरेटरप्रमाणे, बार लॉटप्रमाणे, वेळेप्रमाणे. ह्याला स्ट्रॅटिफिकेशन म्हणतात आणि माझ्या मते सातही क्यूसी (क्वालिटी कंट्रोल) टूल्समध्ये सगळ्यात कमी कौतुक झालेलं टूल हेच, कारण त्याचं छान चित्र निघत नाही. शिफ्टप्रमाणे फोडलं तर फार फरक नाही, ऑपरेटरप्रमाणेपण नाही, म्हणजे "तो तिसऱ्या शिफ्टचा झोपतो" ही थिअरी गेली. पण चेकशीटवर इन्सर्ट बदलल्याची वेळ लिहिली होती ना, त्याप्रमाणे फोडल्यावर दिसलं की १९० पैकी ११८ हे इन्सर्ट बदलल्यावरच्या किंवा मशीन बंद राहून परत चालू केल्यावरच्या पहिल्या वीस जॉबमधले आहेत. पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते, तर शुक्रवारची सकाळ सगळ्यात वाईट. आता प्रश्न एकदम छोटा झाला: चालू करताना आणि इन्सर्ट बदलताना नेमकं काय होतं?

इथे फिशबोन काढा. मॅन, मशीन, मटेरियल, मेथड, मेजरमेंट, एन्व्हायर्नमेंट अशी हाडं, आणि टीमला बोलू द्या, आधी ऑपरेटरला, साहेबाला शेवटी, नाहीतर साहेब बोलला की बाकीचे गप्प. फिशबोनवर वीस-पंचवीस गोष्टी येतील, त्या सगळ्या फक्त संशयित आहेत. फिशबोन काढला म्हणजे कारण सापडलं असं समजून थेट उपायावर जाणं ही फार कॉमन गोष्ट आहे, ऑडिटरपण चालवून घेतात, तुम्ही चालवून घेऊ नका.

मग एकेका संशयिताला पाच वेळा का विचारा. आपल्या बुशचं असं गेलं:

इन्सर्ट बदलल्यावर बोअर अंडरसाइज का येतं? कारण ऑफसेट जास्त दिला गेला. का? कारण पहिला जॉब मोजला तेव्हा बोअर मोठं दिसलं, म्हणून कमी केलं. मोठं का दिसलं? कारण गरम होता, मशीनमधून काढल्या काढल्या मोजला, गार झाल्यावर तो आकसला. गार का होऊ दिला नाही? कारण प्रॉडक्शनची घाई आणि सेटिंग शीटमध्ये थांबायचं कुठे लिहिलेलंच नाही. का नाही लिहिलं? कारण ती शीट जुन्या, ५० मायक्रॉन टॉलरन्सच्या जॉबवरून कॉपी-पेस्ट केलेली, तिथे ४ मायक्रॉनने काही बिघडत नव्हतं.

बघा, शेवटचं उत्तर एका कागदावर येऊन थांबलं. पाच "का"चा शेवट "अमुक माणसाने लक्ष दिलं नाही" असा होत असेल तर अजून दोनदा का विचारा.

आणि मग सिद्ध करा. पुढच्या काही इन्सर्ट बदलांना निम्म्या वेळा जॉब लगेच मोजून ऑफसेट द्या, निम्म्या वेळा दहा मिनिटं गार करून, दोन्हीकडच्या पहिल्या वीस जॉबची साइज लिहा आणि शेजारी शेजारी ठेवा. कारण चालू केलं की डिफेक्ट येतो आणि बंद केलं की जातो, हे दोन्ही दिसलं तरच ते कारण. नाहीतर शोध चालू ठेवा.

ह्याच पायरीत अजून एक गोष्ट निघते जी पुस्तकी वाटते पण शॉपवर रोज दिसते. ऑपरेटरला विचारा.

"मामा, ऑफसेट कधी देता?"

"साहेब, प्रत्येक जॉब बघूनच देतो ना मी. दोन मायक्रॉन वर गेला की दोन खाली घेतो. माझ्या हातून साइज सुटत नाही."

मामा मनापासून काम करतात आणि त्यामुळेच साइज पसरते. मशीनची स्वतःची अशी एक थरथर असते, काहीही न बदलता एक जॉब ४ वर येतो, पुढचा ३ खाली येतो. तुम्ही पहिल्याला ४ खाली ओढलं की पुढचा जो आपोआप ३ खाली येणार होता तो आता ७ खाली. डेमिंग हे नरसाळ्यातून गोळ्या सोडून दाखवायचे. प्रोसेस स्थिर असताना प्रत्येक जॉबला असं ॲडजस्ट करत राहिलं तर साइजचा व्हेरिअन्स (पसरण्याचं एक माप) दुप्पट होतो, म्हणजे पसारा साधारण १.४ पट. कष्ट करून बिघडवणं म्हणतात ते हेच.

मग ऑफसेट कधी द्यायचा, ह्याचं उत्तर कंट्रोल चार्ट देतो. दर तासाला सलग पाच जॉब मोजा, त्यांची सरासरी आणि त्यातला मोठा वजा छोटा म्हणजे रेंज, हे दोन आकडे लिहा. असे वीस-पंचवीस गट झाले की सगळ्या सरासऱ्यांची सरासरी काढा, समजा २५.०११ आली, आणि रेंजची सरासरी ०.००८. पाचच्या गटासाठी तयार आकडे आहेत, सरासरीसाठी ०.५७७ आणि रेंजसाठी २.११४. वरची लिमिट २५.०११ अधिक ०.५७७ गुणिले ०.००८, म्हणजे साधारण २५.०१५६, खालची २५.००६४. रेंजची वरची लिमिट ०.०१६९. पाचची सरासरी ह्या रेघांच्या आत आहे आणि सलग सात पॉइंट मधल्या रेघेच्या एकाच बाजूला पडले नाहीत तोवर ऑफसेटला हात लावायचा नाही. आणि कंट्रोल लिमिट म्हणजे ड्रॉइंगची लिमिट नाही, चार्टवर ड्रॉइंगची टॉलरन्स काढू नका, सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. फक्त एक लक्षात असू द्या, इन्सर्ट झिजतो तशी साइज एका दिशेने हळूहळू सरकतेच, तो उतार चार्टवर दिसणार, त्याला घाबरू नका, कितव्या जॉबला ऑफसेट लागतो ते त्या उतारावरूनच कळतं.

त्याच आकड्यांवरून सीपी आणि सीपीके काढता येतात, म्हणजे टॉलरन्सच्या मानाने पसारा किती मावतो, आणि साइज मधोमध नसली तर किती, ते सांगणारे आकडे. रेंज ०.००८ भागिले २.३२६ (हापण पाचच्या गटाचा तयार आकडा), सिग्मा म्हणजे पसाऱ्याचं माप आलं ०.००३४४. सीपी म्हणजे २१ मायक्रॉन भागिले सहा सिग्मा, साधारण १.०२. सरासरी २५.०११ ला आहे, वरच्या टोकापासून १० मायक्रॉन, त्याला तीन सिग्माने भागलं तर सीपीके ०.९७. कस्टमर मागतो १.३३. म्हणजे नुसती साइज मधोमध आणून भागणार नाही, पसारापण कमी करावा लागणार, हे आता भांडणाशिवाय कळलं.

जाता जाता सिग्माबद्दल. सिक्स सिग्मा म्हणजे दहा लाखांत ३.४ डिफेक्ट, तेही सरासरी दीड सिग्मा सरकते हे धरून. आपले ४.२५ टक्के म्हणजे दहा लाखांत बेचाळीस हजार, सव्वातीनच्या आसपास सिग्मा. तिथून चारवर गेलात, म्हणजे दहा लाखांत ६,२१० वर आलात, तरी युनिटचा चेहरा बदलतो. आणि मुंबईच्या डबेवाल्यांना सिक्स सिग्माचं सर्टिफिकेट मिळालं असे जे फॉरवर्ड येतात ते सोडून द्या, १९९८ च्या फोर्ब्समधल्या लेखानंतर ती गोष्ट पसरली, तो लेख काही सर्टिफिकेट नव्हतं. डबेवाल्यांकडून शिकण्यासारखं वेगळं आहे, ते खाली येतंच.

पायरी ४: इम्प्रूव्ह

उपाय निवडताना माणसाच्या लक्षात ठेवण्यावर अवलंबून असलेला उपाय सगळ्यात शेवटी ठेवा. ट्रेनिंग, बोर्ड, "काळजी घ्या" असं लाल अक्षरात लिहिलेला कागद, हे सगळे कमजोर उपाय. चूक होऊच शकणार नाही असं काही करता आलं तर ते पहिलं, त्याला पोका-योके म्हणतात. फिक्स्चरमध्ये एक पिन अशी बसवली की जॉब उलटा बसतच नाही, तर उलटा बसला का हे कोणाला बघावंच लागत नाही.

आपल्या बुशला काय केलं असतं? सुट्टीनंतर किंवा जेवणानंतर मशीन चालू करताना पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम, स्पिंडल आणि स्लाइड रिकामी फिरवायची. सेटिंगचा जॉब काढला की मास्टर रिंगच्या शेजारी सरफेस प्लेटवर ठेवायचा, दहा मिनिटं, तिथेच टायमर. त्या वेळात मशीन रिकामं राहू नये म्हणून सेटरने इन्सर्ट बदल चहाच्या सुट्टीला जोडून घेतला, हे टीममधल्या ऑपरेटरनीच सुचवलेलं असतं, ऑफिसातून असं कधी निघत नाही. इन्सर्ट किती जॉबनंतर बदलायचा ते ठरवून कंट्रोलरच्या टूल लाइफ काउंटरमध्ये टाकायचं, आकडा पूर्ण झाला की मशीन स्वतःच थांबतं. आणि ऑफसेटचा नियम चार्टप्रमाणे.

जागेवर बघून कळेल असं करणं हापण मोठा उपाय आहे. डबेवाल्यांच्या डब्यावर रंगाने अक्षरं-आकडे काढलेले असतात, कुठल्या स्टेशनवरून, कुठल्या स्टेशनला, कुठली बिल्डिंग, कितवा मजला, बस. डबा हातात घेतला की कळतं, कोणाला विचारायला लागत नाही. तुमच्या शॉपवर ओके, रिवर्क आणि रिजेक्ट जॉब नवीन आलेल्या माणसाला न विचारता ओळखता येतात का? नसतील तर हिरवे, पिवळे, लाल बिन आणा आणि लाल बिनला कुलूप लावा, किल्ली क्वालिटीकडे.

सगळं एकदम सगळ्या मशीनवर करू नका. एका मशीनवर दोन-तीन आठवडे चालवा, आधीचा आणि नंतरचा आकडा सारख्याच पद्धतीने मोजलेला असू द्या. मध्येच चेकिंगची पद्धत बदलली तर रिजेक्शन खरंच कमी झालं की दिसायचं बंद झालं हे कोणीच सांगू शकणार नाही.

पायरी ५: कंट्रोल

बहुतेक सुधारणा इथे मरतात. महिनाभर सगळे उत्साहात, मग सेटर दुसरीकडे जॉइन होतो, नवीन येतो, त्याला कोणी सांगत नाही आणि गाडी परत जुन्या रुळावर. म्हणून सेटिंग शीट बदला, कंट्रोल प्लॅन (काय, कशाने, किती वेळा तपासायचं तो कागद) बदला, पीएफएमईएमध्ये (प्रोसेसमध्ये काय बिघडू शकतं त्या यादीत) "जॉब गरम असताना मोजमाप" हे फेल्युअरचं कारण म्हणून टाका, जुन्या शीटच्या कॉप्या मशीनवरून काढून फाडा. आयएसओ ९००१:२०१५ च्या १०.२ मध्ये हेच मागितलंय, नॉनकन्फॉर्मिटीचं कारण काढा, परत होणार नाही असं करा, उपाय लागू पडला का तपासा. कागद ऑडिटसाठी बनवताच आहात तर खराच बनवा, मेहनत तेवढीच लागते.

चार्ट मशीनजवळ ठेवा आणि तो ऑपरेटरलाच भरू द्या. पॉइंट लिमिटच्या बाहेर गेला तर काय करायचं हे चार्टच्या खालीच तीन ओळीत लिहा: मशीन थांबवा, मागच्या चेकपर्यंतचे जॉब वेगळे करा, सेटरला बोलवा. ज्या शॉपवर मशीन थांबवलं म्हणून ऑपरेटरला बोलणी खावी लागतात तिथे सगळे चार्ट सुंदर येतात, एक पॉइंट बाहेर नाही, आणि माल मात्र कस्टमरकडून परत येतो.

हेच ऑफिसात

मशीन नसलं तरी पायऱ्या ह्याच. छोट्या व्हेंडरचा कायमचा त्रास म्हणजे बिल अडकणं. छोट्या-मध्यम उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत यायला पाहिजे, पण तुमचं बिल पोर्टलवर पीओशी (परचेस ऑर्डरशी) जुळत नाही म्हणून परत आलं तर कस्टमरचं अकाउंट्सवालं डिपार्टमेंट तुमच्याकडेच बोट दाखवतं. डिफेक्ट म्हणजे परत आलेलं बिल, चेकशीटवर परत येण्याची कारणं, जुना पीओ नंबर, दर जुळत नाही, एचएसएन कोड (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) चुकला, चलनावर सही-शिक्का नाही. महिनाभर काड्या मारा, पॅरेटो काढा. बहुतेक वेळा पीओची अमेंडमेंट एकाच्या मेलवर येते आणि बिल दुसराच बनवतो, दोघांच्या मध्ये कोणी नसतं. पोका-योके सोपं, बिलिंगमध्ये पीओ नंबर हाताने टाइप करायची सोयच बंद करायची, अपडेट केलेल्या लिस्टमधूनच निवडायचा.

ऑफिसच्या कामात वेळ मोजताना दोन घड्याळं लावा, प्रत्यक्ष काम किती वेळ चाललं आणि कागद पडून किती राहिला. एक कोटेशन द्यायला समजा पाच दिवस लागतात, त्यात खरं काम दोन-तीन तासांचं निघेल, बाकी सगळं वाट बघणं. काम करणाऱ्याला घाई करून काही होत नाही, वाट बघणं तोडायचं असतं.

कोर्स, बेल्ट आणि सर्टिफिकेट

नवीन माणसाने लगेच ग्रीन बेल्टच्या (सिक्स सिग्मा सर्टिफिकेटची एक पातळी) मागे लागू नये असं माझं स्पष्ट मत. आधी एक प्रोजेक्ट हातात घेऊन पूर्ण करा, मग कोर्सला गेलात तर तिथलं अर्धं आधीच कळलेलं असतं. वीकेंडला ऑनलाइन बेल्ट देणारे पुष्कळ झालेत, इंटरव्ह्यूत प्रोजेक्टबद्दल दोन प्रश्न विचारले की कळतंच. शिकायचंच असेल तर इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची एसक्यूसी-ओआर (स्टॅटिस्टिकल क्वालिटी कंट्रोल आणि ऑपरेशन्स रिसर्च) युनिट मुंबईत आणि पुण्यात आहेत, ते ग्रीन आणि ब्लॅक बेल्ट घेतात. क्वालिटी सर्कलमध्ये (कामगारांचे सुधारणा करणारे छोटे गट) रस असेल तर १९८२ मध्ये सुरू झालेल्या क्वालिटी सर्कल फोरम ऑफ इंडियाचा पुणे चॅप्टर आहे, त्यांच्या स्पर्धांमध्ये ऑपरेटर स्वतः स्टेजवर जाऊन प्रोजेक्ट सांगतात, एकदा नुसतं बघायला जा.

आणि युनिट स्वतःचं असेल तर केंद्र सरकारची झेड (झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट) योजना बघा, २०२२ पासून नव्या रूपात आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पातळ्या, सर्टिफिकेशनच्या खर्चावर मायक्रो युनिटला ८० टक्के, स्मॉलला ६० आणि मीडियमला ५० टक्के सबसिडी. उद्यम (एमएसएमई) रजिस्ट्रेशन लागतं. अर्ज करायच्या आधी पोर्टलवर सध्याच्या अटी वाचून घ्या, आणि फॉर्ममध्ये रिजेक्शनचा आकडा विचारतील तेव्हा रिवर्क धरून सांगा.